ढ साहेब

राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एका टेबलाचेही झाले. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी तिथं उभा होतो. हैदराबादचं राज्य मोडायचं ठरलं होतं. तेलुगू मुलूख शेजारच्या तेलुगू राज्याला मिळणार, कानडी मुलूख म्हैसूरकडे जाणार आणि आमचा मराठवाडा मुंबईकडे. नकाशावर रेघा मारणारे रेघा मारून मोकळे झाले. त्या रेघांप्रमाणं कपाटं, फायली, दौती आणि माणसं वाटायचं काम आम्हा कारकुनांच्या गळ्यात पडलं. हैदराबाद शहरात कोठीजवळ शाळा तपासणीचं ऑफिस होतं, तिथं मी कारकून. एका सागवानी टेबलावर तिघांनीही हक्क सांगितला, तेव्हा वरून हुकूम आला की समान वाटणी करा. पाय चार आणि राज्यं तीन. चौथा पाय चपराशानं घरी नेला आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच्या बायकोनं त्या पायानं कपडे बडवले. वरच्या फळीचं काय झालं ते विचारू नका, त्या प्रकरणाची फाईल अजून बंद झालेली नसेल.

या धामधुमीत एकाच माणसाला कुठला मुलूख कुठं जातोय याचं काही पडलेलं नव्हतं. ते म्हणजे आमचे इन्स्पेक्टरसाहेब. शहरातल्या आणि भोवतालच्या सगळ्या सरकारी शाळा त्यांच्या ताब्यात. उर्दूच्या, तेलुगूच्या, हिंदीच्या, आमच्या मराठीच्या. किती म्हणाल तर साहेब सायकलवर बसून एका टोकाच्या शाळेला निघाले की ते पोचेपर्यंत तिथली पोरं वरच्या वर्गात गेलेली असायची. या एवढ्या शाळांतलं एकूण एक पोर वाचायला शिकलं पाहिजे, आणि तेही राज्य मोडायच्या आत, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. आत्ता नाही शिकली तर वाटणीत हरवतील, म्हणायचे. टेबलाचं झालं ते बघून मला त्यात काही चूक वाटायची नाही.

मास्तर लोक त्यांना पाठीमागं 'ढ साहेब' म्हणत. ते का, हे कळायला त्याआधीची तपासणी कशी व्हायची ते माहीत पाहिजे. इन्स्पेक्टर यायचा दिवस ठरला की शाळेला चुना लागायचा. दारात हार, टेबलावर उप्पीट आणि केळी. वर्गातली चार हुशार पोरं पुढं बसवायची, त्यांच्याकडून कविता म्हणवून घ्यायची, इन्स्पेक्टरनं मान डोलवायची आणि 'प्रगती समाधानकारक' लिहून ढेकर द्यायचा. एक हुशार पोरगी तर मला माहीत आहे, जी एका हंगामात अकरा शाळांत अकरा नावांनी तीच कविता म्हणून आली. अकराव्या शाळेत तिला स्वतःचं नाव विचारलं तेव्हा ती रडायला लागली.

आमच्या साहेबांनी पहिल्याच शाळेत हार बाजूला ठेवला, खुर्ची नाकारली आणि हेडमास्तरांना म्हणाले, "तुमच्या शाळेतलं सगळ्यात ढ पोर आणा."

हेडमास्तरांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. ढ पोर आलं, त्याच्या शेजारी साहेब टाटपट्टीवर मांडी घालून बसले, शेरवानीच्या खिशातून गुळाच्या पुडीचा कागद काढला आणि म्हणाले, वाच. क्रमिक पुस्तक ते कधी वाचायला द्यायचे नाहीत, ते पोरांना पाठ असतं. त्यांच्या खिशात पुड्यांचे कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, फाटकी जाहिरात असला माल भरलेला असायचा. लांबून बघितलं तर शेरवानी पोटुशी दिसायची. त्या एका पोरानं जेवढं वाचलं तेवढाच त्या शाळेचा शेरा. बाकीची पोरं संस्कृतात भांडत असली तरी साहेबांना त्याचं काही नव्हतं. "हुशार पोर रस्त्यावरच्या पाट्या बघूनसुद्धा शिकतं," ते म्हणायचे, "शाळेनं काय केलं ते ढाकडे बघून कळतं." मग तीन महिन्यांनी परत त्याच शाळेत, त्याच पोराकडे.

पोरानं निदान एक ओळ वाचेपर्यंत त्या शाळेत पाणी प्यायचं नाही असाही त्यांचा नेम होता. त्या नेमापायी एका उन्हाळ्यात ते इतके वाळले की शेरवानी चालत येतेय आणि साहेब मागून येताहेत असं वाटायचं. टिपणं काढायचे उर्दूत, कारण शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. रागावले की दक्खनी, आणि मनापासून बोलायचं असलं की मराठी, नांदेडकडच्या शेतकऱ्याच्या घरातली. स्वतः तिसरीत दोनदा बसले होते, हे मला त्यांनीच एकदा इराण्याच्या हॉटेलात सांगितलं. तिथंही पोऱ्यानं बिलाची चिठ्ठी आणली की त्यालाच वाचायला लावायचे. त्या हॉटेलवाल्यानं शेवटी साहेबांना बिल द्यायचंच सोडून दिलं.

मास्तरांची जात मला ठाऊक आहे, माझा बापही मास्तर होता. पुढच्या तपासणीपासून शाळा ढ पोरं तयार करायला लागल्या. म्हणजे हुशारच पोर, पण त्याचे केस विस्कटायचे, नाकाला शेंबूड आणायचा आणि त्याला अडखळत वाचायला शिकवायचं. एका शाळेत असला एक ढ साहेबांसमोर उभा राहिला. काय अभिनय केला पोरानं. डोकं खाजवलं, आढ्याकडे बघितलं, आणि मग कागदावरचं सगळं वाचलं, अगदी खालचा छापखान्याचा बारीक पत्ताही. साहेब हेडमास्तरांकडे वळले.

"क्या मास्टरसाब, येईच है तुमारा ढ? तो फिर हुशार वाले को नक्को लाओ, मैं डर जातूँ."

त्या दिवसापासून ते हजेरीपट मागवून घ्यायचे आणि ज्याच्या नावापुढं गैरहजेऱ्या जास्त त्याला स्वतः बोलावायचे.

गया अशीच सापडली. तारनाक्याच्या बाजूला, रेल्वेच्या यार्डाजवळ एक मराठी प्राथमिक शाळा होती. दोन खोल्या आणि एक वऱ्हांडा. मराठवाड्यातून पोटासाठी आलेल्या हमालांची, गँगमनची पोरं तिथं यायची. गया दुसरीत. बाप कोळशाच्या यार्डात हमाल. त्या वर्षी त्यांच्या वस्तीत नवंच वारं होतं. धर्म बदलायचा, पोरं शिकवायची, मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही, असं घराघरात बोलणं चालायचं. गयाच्या बापानं पोरीला शाळेत घातलं ते त्या वाऱ्यात.

साहेब तिच्याशेजारी बसले. खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी पुढं धरली. पोरगी बराच वेळ बघत राहिली, मग एका अक्षरावर बोट ठेवून म्हणाली, "हा ग. हा माझा हाय. बाकीचे अजून आले नाहीत."

साहेब असे हसले की वऱ्हांड्यातल्या चिमण्या उडाल्या. पाणी मात्र प्यायले नाहीत. वहीत तिचं नाव लिहिलं, मास्तरांना म्हणाले की तीन महिन्यांत बाकीचे यायला पाहिजेत, आणि तिला म्हणाले की मी येईन, वाट बघ. शाळेचा शेरा लिहिला, 'एक अक्षर.' हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना मी दोष देत नाही. नव्या राज्यात शहरातल्या मराठी शाळा राहतील की नाही याची बोलणी चालली होती, आणि ज्यांचा शेरा चांगला त्या राहतील असं सगळे धरून चालले होते. 'एक अक्षर' घेऊन कोण कुणापुढं जाणार?

आणि शाळा सुधारायला लागल्या, हे खरं सांगायला पाहिजे. मास्तर लोक शेवटच्या रांगेकडे बघायला लागले. जी पोरं चार-चार वर्षं भिंतीला टेकून बसली होती त्यांच्या हातात पाट्या आल्या. गयाच्या मास्तरानंसुद्धा तिला रोज अर्धा तास बसवलं. पहिल्या दोन महिन्यांत साहेब जिथं जातील तिथं पाणी प्यायले.

मग दाखले यायला लागले.

सरकारी नोकरांच्या बदल्या सुरू झाल्या होत्या. मराठवाड्यातले मराठवाड्याला, कानडी मुलखातले तिकडं. त्यांच्या पोरांना शाळा सोडल्याचे दाखले लागायचे, आणि दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या पोराच्या दाखल्यावर इन्स्पेक्टरची सही लागते. ते राज्य अजून जन्मलं नव्हतं, पण त्यात जाणाऱ्यांच्या दाखल्यांचे गठ्ठे माझ्या टेबलावर चढत होते. मी ते बघायचो, शिक्का मारायचो आणि साहेबांपुढं ठेवायचो. साहेब एका हातात चहा घेऊन दुसऱ्या हातानं सह्या करायचे. डोळे दाखल्यावर नसायचेच, ते शाळांच्या शेऱ्यांच्या तक्त्यावर असायचे. अर्धा गठ्ठा झाला की म्हणायचे, बघा, सुधारतंय.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की दाखल्यांवरचे बाप जरा वेगळेच आहेत. तहसीलदाराची बदली होते, मास्तराची होते, पोलिसाची होते. पण रिक्षावाल्याची बदली झालेली तुम्ही कधी ऐकलीत? भंगी, हमाल, वीटभट्टीवाला, सगळ्यांची बदली परभणीला, नाहीतर बिदरला. परभणी एवढी भरली की तिथं उभं राहायला जागा नसणार. जाणाऱ्या पोरांची नावं मी साहेबांच्या वहीतल्या नावांशी ताडून पाहिली. बहुतेक सगळी त्या वहीतली निघाली.

मी शिक्के मारत राहिलो. का, म्हणाल तर माझ्याजवळ उत्तरं भरपूर होती. साहेब खुश होते, वरून कौतुकाचं पत्र आलं होतं, माझं स्वतःचं इथं राहायचं की तिकडं जायचं ते ठरायचं होतं, आणि सगळं शाळाखातं एका कारकुनानं तपासायचं नसतं. कौतुकाचं पत्र आलं त्या दिवशी साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

तीन महिने झाले तसे साहेब तारनाक्याला निघाले. दुसऱ्या सायकलवर मी. हेडमास्तर दारात उभे. गयाचं नाव काढताच म्हणाले, गेली साहेब, वडलांची बदली झाली परभणीला. साहेब हिरमुसले, पण रागावले नाहीत. तिथल्या तिथं वऱ्हांड्यात बसून त्यांनी परभणीच्या इन्स्पेक्टरना पत्र लिहिलं. अमुक नावाची मुलगी तुमच्याकडे आली आहे, तिला एक अक्षर पक्कं येतं, बाकीच्यांकडे लक्ष असावं. मग गयाच्या जागी दुसऱ्या पोराला वाचायला बसवलं, आणि शाळेचा नवा शेरा 'चांगला' असा पडला. मी शाई टिपून घेतली.

परत येताना वस्तीच्या नळावर गर्दी होती. त्या गर्दीतून एक पोरगी हंडा टाकून आमच्या मागं पळत सुटली. साहेबांनी ब्रेक दाबला. गया धापा टाकत म्हणाली, साहेब, मी वाट बघतेय, तुम्ही आलाच नाहीत. साहेबांनी विचारलं, परभणीहून कधी आलीस? परभणी म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं.

तिच्या मागोमाग आम्ही तिच्या घरी गेलो. बाप रात्रपाळी करून निजला होता तो उठला, अंगात सदरा घातला, साहेबांना बसायला घोंगडी टाकली. आणि आनंदानं सांगायला लागला की पोरगी पास झाली. हेडमास्तरांनी स्वतः हातात कागद दिला, इथली शाळा आता तेलुगू होणार, पुढचं शिक्षण गावाकडं करा म्हणाले. त्यानं ट्रंक उघडली. नव्या धडप्यात गुंडाळलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी साहेबांना दिला.

साहेबांनी कागद बघितला. मी त्यांच्या मागं उभा होतो, मलाही दिसला. मग त्यांनी तो कागद गयापुढं धरला.

"वाच," म्हणाले.

आणि तिनं वाचला. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, जोडाक्षराला थांबून, मागं जाऊन पुन्हा. दाखला देण्यात येतो की. कुमारी गया. इयत्ता दुसरी. तिला सगळी अक्षरं आली होती. बाप तोंडभर हसत होता, त्याला अर्थाशी काही कारण नव्हतं, पोरगी वाचतेय एवढंच तो ऐकत होता. दारात शेजारणी गोळा झाल्या. गयानं वाचलं, वडिलांची बदली परभणी येथे झाल्याने शाळा सोडत आहे.

बापाचं हसू जागच्या जागी राहिलं.

"सायेब, माझी कुठं बदली झाली?"

गया खाली सरकली. शेवटी सही होती, तिथं ती अडली. ही अक्षरं येत नाहीत, म्हणाली. ती उर्दू होती. ती साहेबांनी स्वतः वाचली, मोठ्यानं, स्वतःचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

बाप म्हणाला, आरडाओरडा न करता म्हणाला, "शाळेत धा पोरं ढ होती. पण समद्या शाळेपुढं उभं केलं ते हिलाच. तुमीच. तुमी यायच्या आदी ती नुसती शिकत नव्हती. तुमी आलात अन् तिचं नाव गेलं."

सायकली हातात धरून आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आलो. तिथं त्यांनी मला विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. खाली बघून म्हणाले, "तुमच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, भरून घ्या," आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

नोव्हेंबर उजाडायला पंधरा-सोळा दिवस राहिले होते. नोव्हेंबरात राज्य मोडणार आणि साहेब औरंगाबादेला जाणार. त्या दिवसांत साहेबांनी दाखल्यांचे जुने गठ्ठे उघडले आणि एकेक घर गाठायला सुरुवात केली. ज्या शहरात पत्ता म्हणजे 'लिंबाच्या झाडामागं' असतो तिथं त्यांनी किती पोरं शोधली याचा आकडा सांगितला तर तुम्ही म्हणाल हा पुन्हा वाढवतोय, म्हणून सांगत नाही. गयाच्या बापाकडे तीनदा गेले. दोनदा त्यानं दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा तो पोरीला घेऊन स्वतः शाळेपर्यंत आला. हेडमास्तर म्हणाले, पुन्हा दाखल करायला हुकूम लागतो. साहेबांनी हजेरीपट ओढला आणि तिचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, मराठीत, वेड्यावाकड्या अक्षरात. असं त्यांनी शाळाशाळांतून केलं.

वरच्या ऑफिसला अहवाल पाठवला त्यात लिहिलं की या वर्षीची सुधारणा बरीचशी खोटी आहे, मागं पडलेली पोरं काढून टाकून ती झाली आहे, पद्धत माझी होती आणि सह्याही माझ्या आहेत. माझा त्यात उल्लेख नव्हता. मी तो अहवाल तीन वेळा वाचला, माझं नाव कुठं आहे का बघायला. वरून उत्तर आलं की पुनर्रचनेच्या धांदलीत असले विषय काढू नयेत. साहेब औरंगाबादेला गेले. तिथं त्यांना पुस्तकांच्या गोदामावर बसवलं. गोदामातल्या पुस्तकांना वाचता येण्याची काही अडचण नसते.

मी इथंच राहायचा पर्याय दिला होता, बायकोचं माहेर इथलं. नवे इन्स्पेक्टर आले. सरळ माणूस, कायद्याचा. त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं की हजेरीपटांवर वरच्या हुकुमाशिवाय चढलेली नावं किती? यादी करा. यादी करणारा मी. अक्षर माझं चांगलं आहे. एक नाव गाळलं असतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. सुबक दिसावी म्हणून मी ती यादी दोनदा लिहिली, आणि दोन्ही वेळा गयाचं नाव त्यात होतं. पुन्हा काढलेल्या नावांसाठी दाखला लागत नाही. ती एके दिवशी शाळेत गेली आणि तिला बसू दिलं नाही, बस्स.

जूनमध्ये औरंगाबादहून कार्ड आलं. दोन ओळी. प्रकृती ठीक. गया तिसरीत गेली का?

काय लिहिणार? मी लिहिलं, गेली.

पुढच्या जूनला पुन्हा कार्ड. मी लिहिलं, चौथीत, गणित जरा कच्चं आहे. गणित कच्चं घातलं की बाकीचं खरं वाटतं, ही हातचलाखी मला जन्मजात येते. पाचवीत मी तिला निबंधात बक्षीस दिलं. सहावीत कांजिण्या काढल्या, तरी ती पास झाली. सातवीत तिला मोठ्या शाळेत घातलं, दोन वेण्या दिल्या, तिच्या बापाला मुकादम केलं. साहेबांची उत्तरं यायची, की इंग्रजीकडे लक्ष असू द्या, डोळे तपासून घ्या. मी तिचे डोळे तपासून घेतले आणि कळवलं, उत्तम आहेत. तुमच्या माझ्या पोरांचं झालं नसेल एवढं तिचं माझ्या कार्डांवर चांगलं चाललं होतं. नववीत गेली त्या वर्षी साहेबांनी लिहिलं, आता मी थकलो आहे. तिला म्हणावं, एक ओळ स्वतःच्या अक्षरात लिहून पाठव.

कुणा मुलीकडून ओळ लिहून घ्यावी असं मनात येऊन गेलं. साहेबांना अक्षरावरून पोर ओळखता यायचं, म्हणून धीर झाला नाही. मी गयाला शोधायला निघालो. फार लांब जावं लागलं नाही. तारनाक्याला नवी क्वार्टरं बांधत होते, तिथं ती घमेली उचलत होती. लग्न झालेलं, हाताला चुन्यानं चिरा पडलेल्या. मी ओळख सांगितली. ओळ लिहायला सांगितली. ती म्हणाली, आता ग सुदिक नीट येत नाही. मग "कामून पाहिजे?" असं तिनं विचारलं, तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. वर्षावर्षाचं. बक्षीस, कांजिण्या, वेण्या.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग मी आता कितवीत हाय?"

"नववीत," मी म्हटलं.

"लई शिकवलं तुमी मला." घमेलं खाली ठेवून ती पदरानं मान पुसायला लागली. "आता नापास करा. मॅट्रिकला साहेब पेढे घिऊन येतील, तवा कोणाला उभं कराल? नापास लिहा. नापासाला कोणी बघाय येत नसतं."

मला ते पटलं. एवढी वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काढून मला ते पटलं, हे लक्षात घ्या. मी घरी आलो आणि लिहिलं, गया नववीत नापास झाली, शाळा सोडली.

आठ दिवसांत कार्ड आलं. शनिवारच्या गाडीनं निघतो. स्टेशनवर येऊ नये, तिचा पत्ता तेवढा कळवावा. पत्ता मी तारेनं कळवला. कार्डावर येऊ नये असं स्पष्ट लिहिलं होतं, ते मी लोकांना दाखवायचो. पण नसतं लिहिलं तरी मी गेलो नसतो.

ते आले, गेले. चार दिवस थांबून मी क्वार्टरांवर गेलो. गया विटा रचून देत होती. तिनं हात थांबवला नाही, काम करता करताच सांगितलं. साहेब आले होते, काठी टेकत. वाळूच्या ढिगावर बसले. पहिला प्रश्न विचारला, कशात नापास झालीस? तिनं खरं सांगून टाकलं, की साहेब, तुमी गेल्यावर मला कोणी वर्गात बसूच दिलं नाही.

मी विचारलं, रागावले का?

"नाही. म्हणले, मला ठावं होतं. म्हणले, अशी सलग पास होणारी पोरं म्या लई पाह्यलीत. पर दर जूनला वाटायचं, ही एक तरी खरीच पास झाली असंल."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली, "मेस्त्रीनं हाक मारली. मी घमेलं उचललं."